तारा जुन्या, घर त्याहून जुने

तंजावरच्या मराठी घरांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा सरस्वती महालाविषयी, सरफोजीराजांविषयी, नाहीतर तिथल्या मराठीत मिसळलेल्या तमिळ शब्दांविषयी असते. आज या सदरात त्याच घरांतील एका अगदी गद्य गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती गोष्ट म्हणजे विजेच्या तारा. पुण्यातल्या वाड्यात, वाईच्या घाटावरच्या घरात किंवा कोकणातल्या माजघरात राहणाऱ्यांनाही यातले पुष्कळसे आपलेच वाटेल. पण तंजावरच्या घरांत हा प्रश्न जितका उघड दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये ते राज्य संपले. या जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांत कारकून, पुराणिक, कीर्तनकार, वैद्य, सरदार अशी कितीतरी कुटुंबे तिथे स्थायिक झाली. राजवाड्याच्या आसपास जे चार मुख्य रस्ते आहेत, म्हणजे मेल वीदी, कीळ वीदी, तेऱ्कु वीदी आणि वडक्कु वीदी, आपल्या भाषेत पश्चिम, पूर्व, दक्षिण आणि उत्तर, त्यांच्या अवतीभवती जुन्या पद्धतीची घरे अजून उभी आहेत. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत कूडम, त्याला लाकडी खांब, मधोमध उघडा चौक, ज्याला तिथे मुट्रम म्हणतात. मागे स्वयंपाकघर, त्याहून मागे परसू आणि विहीर. चौकाभोवती उतरते कौलारू छप्पर आणि माडी असेल तर तिच्यावर ‘मद्रास टेरेस’. हा टेरेस म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर चुन्यात तिरक्या बसवलेल्या उभ्या विटा, वर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा आणि सर्वांत वर पातळ फरश्या. भिंती विटांच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या. घराला घर लागून, दोन घरांत एकच भिंत.

या घरांत वीज आली ती घरे बांधून झाल्यावर कितीतरी वर्षांनी. मेट्टूरचे वीजकेंद्र १९३७ मध्ये सुरू झाले. त्या काळात कावेरीकाठच्या गावांतून हळूहळू दिवे लागू लागले. म्हणजे घर बांधताना तारांसाठी कोणी जागा ठेवलीच नव्हती. तार आली ती पाहुण्यासारखी, भिंतीवरून, तुळईच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून. आणि पाहुण्याला नंतर कोणी उठवले नाही.

एका घरात चार पिढ्यांच्या तारा

अशा घरात एखादा जाणता वायरमन नेला तर तो तारा पाहून घरातल्या कमाईचा इतिहास सांगू शकेल. सर्वांत जुन्या तारा रबरी, सुती विणीच्या, लाकडी पट्टीच्या दोन खाचांत बसवलेल्या आणि वरून लाकडी झाकण मारलेल्या. ही केसिंग-कॅपिंगची पद्धत. त्यानंतरच्या तारा सागवानी बॅटनवर पितळी किंवा पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या. मग साठ-सत्तरच्या दशकांत तांबे महाग आणि दुर्मिळ झाले तेव्हाच्या ॲल्युमिनियमच्या तारा. आणि शेवटी प्लास्टिकच्या, कुठे पाइपातून तर कुठे नुसत्याच खिळ्याला अडकवलेल्या. चारही पिढ्या एकत्र नांदतात, आणि एकमेकींना जोडलेल्या असतात त्या गोल लाकडी ठोकळ्यांच्या मागे, काळ्या चिकटपट्टीखाली, जिथे कोणाचेच लक्ष जात नाही.

जुनी रबरी तार ओळखायची खूण सांगतो, कारण तिच्याबाबत फसगत होते. आतली तार चांदीसारखी पांढरी दिसते, त्यामुळे ती ॲल्युमिनियमची आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती तांब्याचीच असते. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळत आणि गंधकाने तांबे खराब होई. म्हणून तारेला कथिलाची कल्हई करत, आपल्या पितळी पातेल्याला करतात तशीच. मेन बंद करून वायरमनने चाकूने जरा खरवडले की आत लाल तांबे दिसते. तांबे अजून ठणठणीत असते. वाट लागलेली असते ती रबराची. वीस-तीस वर्षांत रबर वाळते, कडक होते, त्याला भेगा पडतात, आणि दिव्याच्या होल्डरजवळ तर उष्णतेने ते आधीच भुरभुरीत झालेले असते. तार हलवली नाही तोवर ते जागेवर राहते. हलवली की पोपडे पडतात. म्हणून ‘एवढा एक पंखा बदलून द्या’ म्हणून बोलावलेला माणूस जाताना घर आधीपेक्षा धोक्याचे करून जाऊ शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ती तार तापली की तांब्यापेक्षा जास्त फुगते, स्क्रूखाली दबून पातळ होते आणि हवेने तिच्यावर वीज न वाहणारा पातळ थर येतो. परिणाम एकच, सांधा सैल होतो. सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. ॲल्युमिनियम थेट तांब्याला पीळ मारून जोडले असेल आणि वर ओल असेल तर हे सगळे लवकर होते. अशा सांध्यावर फ्यूज काही करू शकत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. फक्त एका बिंदूपाशी उष्णता साठत राहते, आणि तो बिंदू असतो लाकडी ठोकळ्यावर.

आता घरातला हिशेब पाहा. समजा, १९५० साली त्या घरात साठ वॅटचे बारा दिवे आणि दोन पंखे होते. सगळे एकदम लावले तरी आठशे सत्तर वॅट, म्हणजे चार अँपिअरच्या आत. आज सकाळी सहा वाजता गीझर दोन हजार वॅट, विहिरीचा किंवा टाकीचा पंप साडेसातशे, मिक्सर सहाशे. एवढ्यातच साडेचौदा अँपिअर झाले. इडलीचे पीठ, फ्रिज, इस्त्री आणि दुपारी माडीवरच्या खोलीतला एसी अजून धरलेच नाहीत. प्रवाह जवळजवळ चौपट झाला तर त्याच तारेत उष्णता चौपट होत नाही, जवळजवळ पंधरापट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दिव्यांचे म्हणाल तर ते उलट हलके झाले आहेत. साठ वॅटच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला. म्हणून जुन्या घरात वायरिंग बदलायचे म्हणजे सगळ्या तारा जाड करायच्या असे नाही. दिव्यांच्या तारा बदलायच्या त्या वेष्टण गेले म्हणून. जड वस्तूंना मात्र मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन द्यायची, प्रत्येकीला तिचा स्वतःचा एमसीबी. एसीची लाइन एसीची, गीझरची गीझरची.

हे ‘स्वतःचा’ प्रकरण किती महागात पडते याचे उदाहरण फार दूरचे आहे, पण सांगण्यासारखे आहे. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळाले. १८१८ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय एका जुन्या राजवाड्यात होते. त्यातल्या सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक नष्ट झाल्या. पोलीस तपासात आगीची सुरुवात सभागृहातल्या एसीपाशी झाल्याचे निघाले. तिथल्या यंत्रांना प्रत्येकी वेगळा ब्रेकर नव्हता आणि एकाला बाहेरचे अर्थिंगही नव्हते. राजवाड्याचे जे झाले ते कूडमाच्या घराचे व्हायला वेळ लागत नाही. तंजावरात तर आग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ७ जून १९९७ रोजी बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञशाळेचा मांडव पेटून चाळीसहून अधिक माणसे गेली. ती आग घरातल्या तारांची नव्हती, पण वाळलेले छप्पर किती भराभर पेटते हे त्या गावाने पाहिले आहे. आणि जुन्या घरांच्या माळ्यावर काय असते? कौलांखाली वाळलेले वासे, वटवाघळांची घाण, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, तांब्या-पितळेची भांडी, फ्रेम तुटलेले एखादे तंजावरी चित्र, आणि पुष्कळ घरांत मोडी कागदांची ट्रंक. सरस्वती महालातले कागद सांभाळायला माणसे आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेला कोणी नाही.

पाण्याचा नळ बदलला आणि...

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे नकळत झालेला एक बदल फार थोड्यांच्या ध्यानात येतो. जुन्या काळी कितीतरी घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. नळ जमिनीतून दूरवर गेलेला, त्यामुळे तेव्हा ते काम भागायचे. पुढे नळ गंजले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे पाइप आले. प्लंबरने आपले काम चोख केले, आणि त्या दिवशी घराचे अर्थिंग गेले. तीन पिनांचा प्लग तसाच दिसतो, वरच्या जाड भोकात तारही असते, फक्त ती तार कुठेच पोहोचत नाही. मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात आणि घरातले म्हणतात, पावसाळा आहे, भिंतीला ओल आली आहे. तंजावरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि चुन्याची भिंत ओल धरते हे खरेच. पण ओल वीज निर्माण करत नाही. ती फक्त कुठेतरी सुटलेल्या विजेला हातापर्यंत आणते.

नवे अर्थिंग परसात करावे. पाइप जमिनीत सुमारे अडीच मीटर जातो, आणि खड्डा भिंतीच्या पायापासून निदान दीड मीटर लांब असावा. मुट्रममध्ये मोकळी जागा दिसते म्हणून तिथे खड्डा घेण्याचा मोह होतो, पण अरुंद चौकात हे अंतर राहत नाही. शिवाय खड्ड्यात कोळशाबरोबर मीठ भरण्याची पद्धत आहे. मिठाचे पाणी चुन्याच्या भिंतीत चढले की गिलावा फुगून पडू लागतो. परसू नसेल तर मीठ न घालता अर्थिंग करता येते, ठेकेदाराशी तसे आधीच बोलून घ्यावे.

अर्थिंग झाले की मेन बोर्डावर आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, वीज जमिनीत चालली आहे असे दिसले, की हा स्विच क्षणात पडतो. जुन्या घरात तो बसवला की पहिल्या पावसात वारंवार पडतो. मग कोणीतरी ‘हा खराब आहे’ म्हणून बाजूने तार जोडून देतो. मला या एका कामाचा सर्वांत जास्त राग आहे. स्विच बरोबर असतो, तारा त्याला खरे सांगत असतात. कधी कधी कारण साधेही असते. जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून उसना घेतलेला असतो, आणि हिशेब जुळत नाही म्हणून स्विच पडतो. दोन्हींवर उपाय एकच, तारा नीट वेगळ्या करणे.

जुन्या बोर्डावर आणखी एक सापळा असतो. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज फेजवरही असतात आणि न्यूट्रलवरही. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो आणि माणसाला वाटते की वीज गेली. होल्डरमध्ये ती असतेच. नव्या बोर्डात न्यूट्रलवर फ्यूज ठेवायचा नाही. आणि इन्व्हर्टरचे काय ते आधी विचारा. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूत विजेची टंचाई तीव्र होती, त्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले आणि जुन्याच दिव्यांच्या तारांवर जोडले गेले. मेन बंद केला तरी त्या तारांत बॅटरीची वीज राहते. जिन्याखाली ठेवलेला इन्व्हर्टर नव्या वायरमनला माहीत नसेल तर काय होईल ते लिहायला नको.

भिंत न फोडता

घरमालकांची खरी भीती वेगळी असते. वायरिंग बदलायचे म्हणजे भिंती खोदणार, चुन्याचा गिलावा पडणार, आजोबांच्या वेळचे घर ब्लॉकसारखे दिसणार. ही भीती अनाठायी नाही. नव्या इमारतींत काम करायची सवय असलेला ठेकेदार आला की तो कटर घेऊनच येतो. त्याला पहिल्याच दिवशी थांबवावे.

चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नयेत, आडव्या तर मुळीच नाहीत. पाडावीच लागली तर ती पुन्हा चुन्यानेच भरावी. सिमेंट भरले की तिथे ओल अडते आणि दोन पावसांत त्या खाचेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा सुटतो. मद्रास टेरेसला वरून हात लावू नये. कोबा एकदा फुटला की गळती शोधत आयुष्य जाते. सागवानी तुळईत खाच पाडून पाइप नेणे हा तर गुन्हाच समजावा. पाइप तुळईच्या कडेने जाऊ शकतो.

म्हणजे जुन्यांनी जो मार्ग काढला तोच योग्य होता, भिंतीवरून. जिथे आज बॅटन आहे त्याच रेषेत, छताच्या कडेखाली, लोखंडी किंवा चांगल्या प्रतीचा प्लास्टिक कंड्युट न्यावा आणि त्याला भिंतीचाच रंग द्यावा. चार दिवसांनी तो दिसेनासा होतो. तार तांब्याची, आग न पसरवणाऱ्या आणि कमी धूर करणाऱ्या वेष्टणाची घ्यावी. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि आठशे वॅटपेक्षा जास्त भार नको, असा जुना भारतीय मानकाचा नियम आहे, तो पाळला की पुढे भांडण राहत नाही. कोरीव खांबाला खिळा मारू नये, पट्ट्याने तार धरता येते. जुने पितळी टोपीचे स्विच सुंदर असतात. ते जागेवर ठेवा, पण त्यांच्यातून वीज काढून घ्या.

आणि जुन्या तारा काढून टाका. ‘राहू द्या, बंदच आहेत’ असे म्हणून सोडलेली तार दहा वर्षांनी कोणीतरी पुन्हा जोडतो.

पैसे एकदम नसतात हे मान्य. मग टप्प्याटप्प्याने करावे, पण क्रम चुकवू नये. बहुतेक घरांत सुरुवात कूडमापासून होते, कारण पाहुणे तिथे बसतात. सुरुवात मीटरपाशी व्हायला हवी. पहिल्या टप्प्यात मेन बोर्ड, अर्थिंग आणि स्वयंपाकघर. दुसऱ्यात न्हाणीघर आणि पंप. मग देवघर. देवघर मी मुद्दाम आधी घेतले आहे. एका दोन पिनांच्या प्लगवर दिव्यांच्या माळा, शेजारी तेलाची समई, वर रेशमी पडदा असा थाट तिथे वर्षभर असतो, आणि नवरात्रात गोलूच्या कापड घातलेल्या पायऱ्यांमधून आणखी माळा फिरतात. मान हलवणाऱ्या तंजावरी बाहुल्यांच्या मागे एक सैल प्लग पुरे आहे. बैठकीची खोली शेवटी आली तरी चालेल. मधल्या काळात नवी तार जुन्या तारेला जोडून काम ‘तात्पुरते’ चालवू नका, एवढेच पथ्य.

काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. झाल्यावर पाचशे व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी, वेष्टणाचा रोध निदान एक मेगओम यायला हवा, आणि आकडे कागदावर लिहून मागावेत. खरे तर हीच तपासणी आधीही करून घ्यावी. पुष्कळदा भाऊबंदांना पटवायला तोच कागद उपयोगी पडतो.

कारण अडते ते तिथे. घर पाच-सहा वाटेकऱ्यांचे. एक चेन्नईत, दोन बंगळुरूत, एखादी आत्या पुण्यात. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, मंजूर भार त्या काळचा. राहतात ते काका आणि काकू, दोघेही सत्तरीच्या पुढे, रात्री पुढच्या दाराला लाकडी अडसर लावून झोपणारे. राहत नाहीत ते म्हणतात, विकायचेच आहे तर खर्च कशाला. राहतात त्यांना वाटते, आपल्या एकट्याच्या पैशाने सगळ्यांचे घर का दुरुस्त करायचे. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे आणि त्यात दहा वर्षे निघून जातात. माझ्या मते यातून एक वाट निघते. सगळ्या घराचा प्रश्न बाजूला ठेवावा, आणि मेन बोर्ड, अर्थिंग व आरसीसीबी एवढा खर्च सर्व वाटेकऱ्यांनी समान उचलावा, तोही घर विकायचे ठरले असले तरी. हा खर्च घरासाठी नसून त्यात झोपणाऱ्या माणसांसाठी आहे. बाकीच्या खोल्यांचे पुढे बघता येईल. मीटर नावावर करून घेण्याचा आणि भार वाढवून घेण्याचा अर्जही त्याच वेळी द्यावा. वीज कंपनीचे नाव बदलत गेले तरी तंजावरला लोक तिला ‘ईबी’च म्हणतात. वारसांच्या संमतीपत्रांसाठी सगळ्यांच्या सह्या लागतात, त्या दिवाळीला सगळे जमतात तेव्हा घ्याव्यात.

काम काढायचे तर फेब्रुवारी ते मे हे महिने चांगले. भिंती कोरड्या असतात, चुना नीट धरतो. मात्र मेगरची तपासणी एकदा डिसेंबरमध्येही करावी, पाऊस थांबल्या थांबल्या, भिंती ओल्या असताना. उन्हाळ्यातला आकडा आणि तो आकडा शेजारी शेजारी लिहून मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा, इन्व्हर्टर कुठे आहे हेही त्याच कागदावर. पुढचा वायरमन बोर्ड उघडेल तेव्हा त्याला ते पहिल्यांदा दिसेल.